सावजी रस्सा खाताना जीभ पेटते, ती पोटॅशियम चॅनलमुळे का?

पोटॅशियम चॅनलमुळे (पेशीच्या आवरणातल्या, पोटॅशियमला ये-जा करू देणाऱ्या दारामुळे) संवेदी चेतापेशींची उत्तेजनक्षमता, म्हणजे त्या किती सहज पेटतात ते, कशी बदलते आणि सावजी खाताना होणारी आगही त्यातलीच का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरातच मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. आधी सावजीचं सांगते: ती आग पोटॅशियमची नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही1 हे वेगळंच चॅनल उघडतं, त्यातून सोडियम-कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी संदेश पाठवू लागते.

आता कधी तिरफळ चावून बघा. आपल्याकडच्या भाज्यांत ते पडत नाही, पण कोकणातलं कोणी ओळखीचं असेल तर मागवा. जीभ भाजत नाही; ती झिणझिणते, मग बधिर होते. तिरफळाच्याच कुळातल्या चिनी सिच्वान मिरीत सॅनशूल नावाचं द्रव्य असतं. ते संवेदी पेशींमधली नेहमी उघडी राहणारी काही पोटॅशियम चॅनल्स बंद करतं, असं 2008 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे आत काही ढकललं नाही, फक्त बाहेर जाणारं अडवलं, तरी चेतापेशी बोलायला लागते. मला यात सगळ्यात जास्त गंमत वाटते.

कारण असं. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण 140 मिलिमोल, बाहेर जेमतेम 4-5. चॅनल उघडलं की ते बाहेर पडतं, जाताना धन प्रभार नेतं आणि आतली बाजू ऋण राहते, विश्रांतीत साधारण उणे 60 ते 70 मिलिव्होल्ट. ही चॅनल्स मिटली की व्होल्टेज वर सरकतं, उंबरठा, म्हणजे ज्या व्होल्टेजला पेशी संदेश सोडते तो, जवळ येतो. दुसरा परिणाम मुलांच्या लवकर लक्षात येत नाही: बुडाला भोक असलेल्या बादलीत नळ सोडला तरी पाणी चढत नाही, तसं बरीच पोटॅशियम चॅनल्स उघडी असली की आत येणाऱ्या तेवढ्याच प्रवाहाने व्होल्टेज फारसं हलत नाही. भोकं बुजली की हलका स्पर्शही पुरतो.

पण म्हणून पोटॅशियम चॅनल म्हणजे निव्वळ शांत करणारं, असं मात्र समजू नका. प्रत्येक आवेगानंतर, म्हणजे पेशीच्या विद्युत संदेशानंतर, व्होल्टेज खाली आणायचं काम त्यांचंच आहे. ते झालं नाही तर आवेग सुरू करणारी सोडियम चॅनल्स पुन्हा उघडण्याजोगी होत नाहीत आणि पेशीला लागोपाठ आवेग सोडता येत नाहीत. कुठलं चॅनल, कुठे आणि किती वेगाने उघडतं, यावर सगळं अवलंबून असतं.

वेदनेच्या बाबतीत केव्ही7 हा पोटॅशियम चॅनल्सचा गट मला महत्त्वाचा वाटतो. उंबरठ्याच्या खालीच तो हळूहळू उघडतो आणि पेशीला वारंवार पेटू देत नाही. सूज आली की तिथे ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन तयार होतं, ते हा प्रवाह दाबतं. सुजलेल्या बोटाला नुसता धक्का लागला तरी कळ येते, त्यामागचं हे एक कारण. मज्जातंतूला इजा झाल्यावरही पाठीच्या कण्याजवळच्या संवेदी पेशींच्या गुच्छांत अनेक पोटॅशियम चॅनल्सचं प्रमाण घटतं. मग जखम भरली तरी पेशी गप्प बसत नाही.

संत्री-केळी जास्त खाल्ल्याने ही चॅनल्स उघडतील का, असं वर्गात कोणीतरी विचारतंच. नाही. रक्तातलं पोटॅशियम मूत्रपिंडं ठरावीक मर्यादेत ठेवतात, आणि ते फार वाढलंच तर चेतापेशींचं विश्रांतीचं व्होल्टेज उलट वर चढतं, हृदयालाही धोका होतो.

केव्ही7 चॅनल्स उघडणारी औषधं निघाली होती. फ्लुपिर्टिन हे वेदनाशामक यकृताला होणाऱ्या अपायामुळे 2018 मध्ये युरोपातून मागे घेतलं गेलं. अपस्मारासाठीचं रेटिगॅबिन त्वचा निळसर करायचं, डोळ्याच्या पडद्यावरही रंग साचायचा. ते 2017 मध्ये बंद झालं. शिवाय केव्ही7 मेंदूतही असतं, त्यामुळे गुंगी यायचीच. मेंदूत न शिरता फक्त बाहेरच्या संवेदी पेशींवर चालेल असं औषध हवंय, आणि संशोधन त्याच दिशेने चाललंय.