माळ्यावर सापडलेले जुने रेडिओ-नियंत्रित विमान पुन्हा उडवता येईल का?

तुमच्या काकांनी १९९०च्या सुमारास बांधलेले बाल्सा लाकडाचे विमान माळ्यावर सापडले आहे, त्याचे इंजिन हाताने फिरत नाही आणि बॅटरी पाझरलेली आहे; ते दुरुस्त करून उडवावे की जपून ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्याकडे साधारण त्याच काळातले, वर पंख असलेले, चार सीसीच्या ग्लो इंजिनाचे (ठिणगीऐवजी ग्लो प्लगमधल्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे इंजिन), पावणेदोन किलो वजनाचे विमान आहे. मी ते दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केले आणि आजही उडवतो. माझे मत स्पष्ट आहे: ते अवश्य उडवा. लाकूड आणि इंजिन राखा, मात्र वीज जिथून वाहते तो प्रत्येक भाग बदला.

इंजिन अडकले म्हणजे ते बिघडले असे समजू नका. या इंजिनांचे इंधन म्हणजे मिथेनॉल आणि तेल, आणि त्या काळी ते तेल बहुधा एरंडेलच असे. वर्षानुवर्षे पडून राहिले की एरंडेल वाळून लाखेसारखे घट्ट होते आणि पिस्टन जागच्या जागी चिकटतो. अशा वेळी पक्कड लावून जोर करणे किंवा ग्लो प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने पिस्टन ढकलणे हा इंजिन कायमचे घालवण्याचा हमखास मार्ग आहे. मी इंजिन विमानातून काढले, ग्लो प्लग काढून आत पातळ तेलाचे थेंब सोडले, रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी केस वाळवण्याच्या यंत्राने सिलिंडर हात लावता येणार नाही इतका तापवला. मग जाड कापडात धरून प्रोपेलर हळूहळू मागेपुढे हलवला. तिसऱ्या वेळी तापवल्यावर तो केसभर सरकला, आणि भोकातून मधासारखे तपकिरी तेल बाहेर आले. मोकळे झाल्यावरही थंड इंजिनातला पिस्टन वरच्या टोकाला थोडा आवळला, तर घाबरू नका. पितळी नळकांडे असलेल्या इंजिनांत ती झीज नसून चांगल्या अवस्थेची खूण असते. बेअरिंग खरखरत असतील तर मात्र ती बदलावीच लागतात.

विजेच्या भागांबाबत भावनेला जागा देऊ नका. निकेल-कॅडमियम बॅटरी जुनी झाली की तिच्या ऋण टोकाची तार आतून काळी पडत जाते आणि हा गंज वेष्टनाखालून थेट स्विचपर्यंत पोहोचतो. माझ्या विमानातली तार वरून नवी दिसत होती, पण टोक सोलल्यावर आत तांब्याऐवजी काळी भुकटी निघाली. म्हणून बॅटरी, स्विच आणि तारा नव्या घ्या, आणि क्रिस्टलवर (वारंवारता ठरवणाऱ्या छोट्या स्फटिकावर) चालणाऱ्या जुन्या रेडिओऐवजी २.४ गिगाहर्ट्झचा संच बसवा. जुने सर्व्हो, म्हणजे विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटारी, वापरायचेच असतील तर त्यांच्या तारांचा क्रम आधी तपासा, कारण सगळ्या कंपन्यांचा क्रम सारखा नव्हता.

लाकडात पाहायच्या जागा थोड्याच आहेत. इंजिनामागची भिंत तेल पिऊन मऊ झाली असेल, तर तिथे कॉर्नफ्लोअर दाबून गरम हवा द्या; पीठ तेल शोषून घेते आणि मग इपॉक्सी गोंद धरतो. हलत्या पट्ट्यांची प्रत्येक बिजागरी बोटांनी ओढून पाहा. पंख सपाट टेबलावर ठेवून पीळ पडला आहे का ते तपासा. सुरकुतलेले कव्हरिंग, म्हणजे लाकडावर ताणून बसवलेला पातळ पापुद्रा, मध्यम गरम इस्त्रीने पुन्हा ताणले जाते.

इंधनाची टाकी मात्र उघडाच, कारण मी ती उघडली नव्हती. टाकीतली रबरी नळी पितळी नळीवर बसते त्या ठिकाणी माझ्या विमानात बारीक चीर होती. टाकी भरलेली असेपर्यंत चीर इंधनाखाली राहिली आणि जमिनीवरच्या चाचणीत इंजिन उत्तम चालले. उड्डाणात टाकी निम्मी झाल्यावर तीच चीर हवा ओढू लागली आणि सोलापूरकडच्या एका माळावर इंजिन हवेतच बंद पडले. विमान ज्वारीच्या सडांत उतरले आणि पुढचे चाक मुडपले. पंख वाचला, हे नशीब.

पहिल्या उड्डाणाआधी टाकी रिकामी ठेवून, पंखाखाली दोन बोटे धरून विमान तोला. गुरुत्वमध्य, म्हणजे विमान तोलून राहते ती जागा, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर हवा. पंख २२ सेंटिमीटर रुंद असेल तर साडेपाच ते सव्वासात सेंटिमीटरवर. नव्या बॅटऱ्या हलक्या असल्याने जुना तोल हमखास बिघडतो. नाक किंचित जड असलेले विमान आळशी उडते, पण शेपटी जड असलेले आवरत नाही. रेडिओची दांडी उजवीकडे नेल्यावर उजवा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर जातो ना, हे मोठ्याने बोलून तपासा. पंख बांधायची रबरे नवीच घ्या.

आपल्याकडे ड्रोन नियम, २०२१ अशा विमानांनाही लागू आहेत. म्हणून नोंदणी करा, विमान नजरेच्या टप्प्यात ठेवा आणि हरित क्षेत्रातही (नकाशावरचा आधी परवानगी न लागणारा भाग) १२० मीटरच्या वर जाऊ नका. विमानतळ आणि लष्करी भाग नकाशावर आधी पाहून घ्या. पहिल्या दिवशी अनुभवी माणूस शेजारी असू द्या, वारा मंद असू द्या. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून इंजिन सुरू करताना मुले दूर ठेवा.

विमान पुरेशा उंचीवर गेले की थ्रॉटल अर्धा करून हात सैल सोडा आणि ते कुठे झुकते ते पाहून ट्रिम लावा, म्हणजे रेडिओवरून तो कल सुधारा. कसरती पुढच्या आठवड्यासाठी ठेवा. उड्डाण संपल्यावर टाकी रिकामी करा, इंजिनात उरलेले इंधन चालवून जाळून टाका आणि कार्बोरेटरमधून थोडे तेल सोडून प्रोपेलर दहाबारा वेळा फिरवा. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि बेअरिंग त्यानेच गंजतात.