ऑइल घरी बदलायचं, पण २२,००० रुपयांची अवजारं घेऊन?

नमस्कार,

तुम्ही नाशिकहून लिहिलंय: सहा वर्षांची पेट्रोल वॅगनआर, वॉरंटी संपलेली, वर्षाला नऊ हजार किलोमीटर धाव. गेल्या सर्व्हिसचं बिल ६,२०० रुपये आलं. म्हणून इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल यापुढे घरीच बदलायचं, आणि त्यासाठी २२,००० रुपयांची अवजारं ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर घ्यायची. साडेतीन वर्षांत पैसे वसूल, असा तुमचा हिशेब. शेवटी लिहिलंय की वडील स्कूटर स्वतः उघडायचे आणि तेच तुम्हाला मुलीला शिकवायचंय. त्याकडे येतोच, आधी बिल बघू.

६,२०० मध्ये ऑइल आणि फिल्टरचे २,१०० आहेत, एअर फिल्टर वगैरेचे १,३००, अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे १,२०० आणि मजुरी १,६००. घरी काम केलंत तरी ऑइल-फिल्टर विकत आणावाच लागेल. बाहेरून घेतलात तर फार तर ४०० वाचतील. अलाइनमेंट घरी होत नाही. ब्रेक साफ करून घ्यायला आणि गाडी वर उचलून खालून एकदा नजर टाकून घ्यायला मेकॅनिक ६०० तरी घेईल. म्हणजे मजुरीतले १,००० वाचले. एकूण बचत वर्षाला १,४००. या दराने २२,००० वसूल व्हायला जवळजवळ सोळा वर्षं लागतील. तेव्हा गाडी बावीस वर्षांची असेल, आणि खासगी गाडीची नोंदणी मुळात १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस दाखवून नूतनीकरण.

आता तिसरा रस्ता बघा, जो तुमच्या पत्रात नाही. ऑइल आणि फिल्टर खात्रीच्या दुकानातून स्वतः आणा, ओळखीच्या मेकॅनिककडे जा, ऑइल बदलणं आणि ब्रेक सफाई मिळून ८०० द्या आणि शेजारी उभे राहा. वर्षाला १,२०० वाचतात, गुंतवणूक शून्य. अवजारं घेऊन तुम्ही यापेक्षा कमावता फक्त २०० रुपये.

हप्त्यांबद्दल स्पष्ट सांगतो: घेऊ नका. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याज सवलत म्हणून वजा करून दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. रक्कम छोटी असते हे खरं. पण वर्षभर क्रेडिट कार्डाची मर्यादा अडकते, आणि एखाद्या महिन्यात बिल थकलं की वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरातलं व्याज सुरू होतं.

मग मुलीचं काय? मला वाटतं, हा खर्च बचतीच्या नव्हे तर छंदाच्या खात्यात मांडा. त्या खात्यात तो मला पूर्ण पटतो. तिथे वसुलीचा प्रश्नच येत नाही, फक्त ऐपतीचा येतो. आपत्कालीन निधी बाजूला असेल तर महिन्याला दीड हजार साठवा आणि रोखीने, एकेक वस्तू घ्या.

तुमच्या यादीतून १०८ नगांचा सॉकेट सेट (५,०००) काढून टाका. ड्रेन नटाच्या (इंजिनाखालचा, जुनं ऑइल सोडायचा नट) मापाचा एक रिंग पाना आणि फिल्टरचा पाना पुरतो. ब्रेक ऑइल बदलताना लाइनमधली हवा काढायचं ब्रेक ब्लीडिंग किटही (२,५००) काढा. ब्रेकच्या लाइनमध्ये हवा राहिली तर पेडल दाबल्यावर आत जातं आणि गाडी थांबत नाही. हे काम शिकता शिकता करायचं नाही. ट्रॉली जॅक आणि स्टँडची जोडी (६,५००) मात्र स्वस्तातली घेऊ नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही. पार्किंगला उतार असेल तर हा बेत तिथेच थांबवा.

टॉर्क रेंच (३,५००), म्हणजे नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, तुम्हाला चैन वाटतोय, तो ठेवा. माझ्या एका मित्राने स्वतःच्या गाडीचं ऑइल बदललं तेव्हा मी टॉर्च धरून शेजारी होतो. नट घट्ट बसावा म्हणून त्याने पाना शेवटी पायाने दाबला. पुढच्या वर्षी नट काढला तर त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमची चकचकीत बारीक तार गुंडाळून बाहेर आली. ऑइल साठतं त्या चेंबरचे, नट बसतो तिथले आटे गेले होते. पुढच्या खर्चात दहा वर्षांची मजुरी निघाली असती. तुमच्या गाडीचा नट किती न्यूटन-मीटरला आवळायचा ते शोधून लिहून ठेवा, आणि वॉशर दरवेळी नवा टाका.

एक्स्ट्रॅक्टर पंपाने (४,५००) डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायची पट्टी) नळीतून ऑइल वरूनच ओढता येतं, गाडीखाली जावं लागत नाही. पण फिल्टर वरून हाताला लागत नसेल तर खाली जाणं चुकत नाही, मग पंपाचा उपयोग काय? म्हणून काहीही घेण्याआधी रविवारी गाडी गार असताना मुलीला घेऊन बोनेट उघडा आणि फिल्टर कुठे आहे ते शोधा. पंप घ्यायचा की जॅक-स्टँड, हे त्यावर ठरेल. दोन्हींपैकी एकच लागेल.

जुन्या ऑइलसाठी एक रिकामा कॅन आधीच बाजूला ठेवा. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. गटारात ओतू नका, मेकॅनिककडे नेऊन द्या. कूलंटही उघड्या भांड्यात ठेवू नका. ते गोडसर असतं आणि विषारीही, पार्किंगमधली कुत्री चाटतात.

आणि रविवारी बोनेट उघडाल तेव्हा डिपस्टिक पुसून, परत घालून पातळी कशी वाचायची ते तिला दाखवा. त्याला एक जुनं फडकं लागतं.