विचारा बाईंना : कूलरमध्ये बर्फ टाकावा का?

प्रश्न : बाई, दुपारी पारा 42 च्या पुढं जातोय. संध्याकाळी आमचे हे स्कूटरवरून पाच किलो बर्फाचा तुकडा आणतात नि कूलरच्या टाकीत टाकतात. टाकी 40 लिटरची आहे, रात्रीतून संपते. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून सासूबाई म्हणतात पाणी कमी घाला, बर्फ जास्त टाका. फायदा होतो का ओ खरंच?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : सासूबाईंना हे वाचून दाखवू नका, कारण हिशेब नेमका उलटा आहे.

आधी बर्फ घेऊ. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला 334 किलोज्यूल उष्णता लागते. एवढी उष्णता पोटात जाऊनही तापमापी जागची हलत नाही. म्हणून पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हटलंय. 1760 च्या दशकात ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी हे अगदी साध्या रीतीनं दाखवलं. एका चंबूत बर्फ, दुसऱ्यात बर्फाइतकंच गार पाणी, आणि दोन्ही एकाच दालनात टांगलेले. पाण्याचं तापमान अर्ध्या तासात थोडं चढलं. बर्फ वितळून तेवढ्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. तोवर लोकांना वाटायचं की वितळणबिंदू गाठला की जरा उष्णता दिली तरी बर्फाचं पाणी होतं. तसं असतं तर हिमालयातला बर्फ पहिल्याच उन्हात एकदम खाली आला असता.

तर तुमचा पाच किलो बर्फ वितळताना 1,670 किलोज्यूल घेतो. पुढं ते पाणी 24 अंशांपर्यंत तापताना आणखी पाचशे घेतं. एकूण सुमारे 2,170. चोवीसच का? मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी हवा 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओल्या गवतावरून फिरणारं पाणी बर्फाशिवायच 24 च्या आसपास येऊन थांबतं.

आता पाणी. कूलरच्या गवतावरून एक लिटर पाणी उडून जाताना हवेतली सुमारे 2,430 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. म्हणजे स्कूटरवरून आणलेला तो अख्खा तुकडा एका लिटर पाण्याचीही बरोबरी करत नाही! तुमचं 40 लिटर पाणी रात्रभरात जे काम करतं, ते बर्फानं करायचं तर जवळपास सव्वादोनशे किलो बर्फ आणावा लागेल. आठ तासांत 40 लिटर म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या जवळपास, साधारण एक टनाच्या एसीइतकं. फरक इतकाच की एसी खोलीतली तीच हवा पुन्हापुन्हा गार करतो आणि कूलर बाहेरची तापलेली हवा सतत आत ओढत राहतो.

बर्फ टाकल्यावर पहिला अर्धा तास झुळूक जरा जास्त गार लागते, ते खरं आहे. पाहुणे येणार असतील तर टाका. रोजचे पैसे मात्र वाचवा, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही तर पाणी उडणं मंदावतं आणि अंग नुसतं चिकचिकतं. मृग लागल्यावर कूलर निकामी वाटतो तोही याच कारणानं. बोअरचं पाणी वापरत असाल तर टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून द्या. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात आणि गवतावर पांढरा थर धरतात.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत पाणी उकळताना तापमापी 98 च्या जरा पुढं गेली आणि तिथंच थांबली. गॅस मोठा केला तरी हलेना. मित्र म्हणतो, वहीत 100 लिही, नाहीतर गुण जातील. काय करू?
— दहावीचा विद्यार्थी, सात रस्ता

उत्तर : जे दिसलं ते लिही. 100 अंश हा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंच आहे आणि दर 300 मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशानं उतरतो. म्हणजे आपल्याकडे साडेअठ्ठ्याण्णव. महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. वहीत शेजारी हे कारणही लिही, परीक्षकांनी गुण कापले तर ती वही मला दाखव.

गॅस मोठा केल्यानं पाणी जास्त गरम होत नाही, फक्त लवकर आटतं. हे घरी आईलाही सांग. डाळ एकदा उकळली की आच बारीक केली तरी ती तेवढ्याच वेळात शिजते. वेळ वाचवायचा तर दाब वाढवायला हवा, म्हणजे कुकर. त्यात पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं.

प्रश्न : मी टॉवेलच्या रंगकामात काम करतो. उकळतं पाणी हातावर उडालं तर थोडं भाजतं, पण वाफेनं साल निघते. दोन्ही शंभरच अंशाचं ना?
— एक कामगार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : तापमान तेच असलं तरी वाफेजवळचा साठा वेगळा आहे. उकळतं एक ग्रॅम पाणी त्वचेवर पडून अंगाच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे 264 ज्यूल देतं. एक ग्रॅम वाफ आधी त्वचेवर पाणी होते. तेवढ्यातच 2,257 ज्यूल देऊन टाकते आणि मग वरचे 264 देते. साडेनऊ पट झाले. शिवाय बॉयलरमधली वाफ दाबाखाली असते, म्हणजे शंभरापेक्षा बरीच जास्त तापलेली.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. नळीतून गळती असेल तर पांढरा धूर दिसतो ती वाफ नव्हे, ते गार झालेले पाण्याचे थेंब. खरी वाफ दिसत नाही. नळीचं तोंड आणि पांढरा ढग यांच्या मधली जी मोकळी वाटणारी जागा असते, तिथंच ती असते, म्हणून गळती कुठं आहे ते हात फिरवून कधीही शोधू नका. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. फोड आले, साल निघाली किंवा चेहऱ्याला लागलं तर थेट दवाखाना.

प्रश्न : मोबाईलवर तळहातावर वितळणारा धातू पाहिला. खरा असतो का? ऑनलाइन मागवावा म्हणतो.
— एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : खरा आहे. त्याचं नाव गॅलियम आणि तो 29.8 अंशांना वितळतो. पण आत्ता मागवाल तर पार्सलमध्ये द्रवच हाती येईल आणि जूनपर्यंत कपाटात द्रवच राहील. वितळताना पाहायचा असेल तर डिसेंबरात मागवा. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. ॲल्युमिनियमच्या डबीत मुळीच नको, त्या धातूत तो शिरतो आणि डबी बोटांनी चुरगळेल इतकी ठिसूळ करतो.