खालची खूण

"मॅडम, सराव रोज चालू आहे, तरी उडी कमी कशी होते? अंगचोरपणा करतोय का?" वयात येणाऱ्या खेळाडू मुलांचे पालक हे हमखास विचारतात. कोथरूडचे एक बाबा तर पुरावा म्हणून दोनशे पानी वहीच घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा साडेतेरा वर्षांचा, व्हॉलीबॉल खेळणारा. दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोटांना खडू लावायचा, उभ्याने हात ताणून भिंतीवर खालची खूण करायची, मग जागेवरून उडी मारून वरची. मधलं अंतर म्हणजे उडी. गेल्या वर्षी ३६ सेंटिमीटर, आता ३४. मध्येच एका रविवारी ३९, त्याभोवती लाल गोल. "बघा, जमतं त्याला. मनावर घेत नाही." १९९४ला बालेवाडीत राष्ट्रीय खेळ झाले, तेव्हा हे बाबा शाळेत होते. ते बघून लागलेलं वेड अजून उतरलेलं नव्हतं.

वहीत उडीशिवाय काहीच नव्हतं. उंची-वजन अखेर प्रगतिपुस्तकात सापडलं: गेल्या वर्षी १५५ सेंटिमीटर, ४३ किलो. माझ्याकडे मोजलं तर १६३ आणि ५०. बाबा बँकेतले, म्हणून म्हटलं, दोन गुणाकार करा. ४३ गुणिले ३६, १५४८. ५० गुणिले ३४, १७००. हिशोब ढोबळच, पण दोन सेंटिमीटर कमी उडून पोरगं गेल्या वर्षीपेक्षा जास्त भार उचलत होतं. बाबांनी गुणाकार पुन्हा करून पाहिला.

मुलांची उंची साधारण चौदाच्या आसपास सर्वांत वेगानं वाढते, मुलींची बाराच्या. आधी पाय लांबतात, धड मागून येतं. त्या काळात काही मुलांचं अंग स्वतःच्याच ताब्यात नसतं. घरातले पेले फुटतात ते उगाच नाही. त्यात वर्गातल्या मिसरूड फुटलेल्या मुलाशी तुलना! जन्मसाल एकच, पण शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं का, तेही विचारलं. दुखत असतं तर आधी डॉक्टरांकडे धाडलं असतं.

राहिला तो ३९. बाबा बाहेर गेल्यावर मुलाला भिंतीपाशी उभं केलं. त्यानं हात वर केला, पण खांदा सैल सोडलेला. म्हटलं, "पूर्ण ताण." खूण चांगली चार बोटं वर गेली. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "खालची खूण खाली आली की उडी वाढते. त्या दिवशी बाबा खूश होते."

बाबांना सांगू का, विचारलं. "मीच सांगतो," म्हणाला.

रविवारची मोजणी बंद केली. आठवड्याच्या फरकात वाढ कमी आणि झोप, थकवा, बूट हेच जास्त दिसतं. आता तीन महिन्यांनी एकदा: टाचा टेकलेल्या, खांदा पूर्ण ताणलेला, खालची खूण दर वेळी नवी, कारण हातही वाढतोय. तीन उड्यांतली सर्वांत चांगली धरायची, शेजारी उंची आणि वजन.

पुढच्या भेटीत वही पाहिली. नवे रकाने आखलेले होते. ३९ भोवतीचा लाल गोल तसाच होता, बाजूला बाबांच्या अक्षरात एकच शब्द: 'खांदा'.