प्रकल्प संपल्यानंतर टीमची आढावा बैठक कशी घ्यावी?

आपला प्रकल्प उशिरा का होईना पूर्ण झाला आहे, त्याची आढावा बैठक घेण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे, आणि मागच्या बैठकीत निम्मा वेळ एकमेकांवर खापर फोडण्यात व उरलेला ‘संवाद वाढवला पाहिजे’ असे ठरवण्यात गेला, म्हणून या वेळी काय वेगळे करावे असे आपण विचारले आहे. मी सहकारी बँकांच्या संगणक प्रणाली बदलून देण्याचे काम करते. प्रत्येक कामानंतर अशी बैठक घ्यावीच लागते, त्यामुळे त्या अनुभवावरून लिहिते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: कोणाचेही मत विचारण्याआधी घटनाक्रम सर्वांसमोर मांडावा. अमेरिकी लष्कराने कॅलिफोर्नियातील फोर्ट अर्विन येथील प्रशिक्षण केंद्रात १९८०च्या दशकात सरावानंतरच्या आढाव्याची जी पद्धत रुळवली, तिच्यात चार प्रश्न क्रमाने विचारले जातात: काय करायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय घडले, तसे का घडले, आणि पुढच्या वेळी काय करायचे. आपल्याकडे बहुतेक बैठका थेट तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होतात आणि तिथेच भांडण लागते. फोर्ट अर्विनला सरावातील हालचालींची आणि लेझरच्या साहाय्याने झालेल्या ‘गोळीबारा’ची नोंद ठेवली जात असे, त्यामुळे कोण कुठे होते यावर वाद घालण्याचे कारणच फारसे उरत नसे. आपल्याकडे तशी यंत्रणा नसली, तरी ईमेल, तिकिटे (प्रणालीत नोंदवलेल्या तक्रारी व कामे), चाचणीचे अहवाल आणि बदललेल्या तारखा असतातच. बैठकीपूर्वी त्यांवरून तारखेवार एक तक्ता तयार करावा, तो सर्वांना आधी पाठवावा आणि ज्याला जी नोंद चुकीची वाटेल ती त्याने लेखी दुरुस्त करावी.

तक्त्यात एक रकाना अवश्य ठेवावा: त्या दिवशी निर्णय घेणाऱ्याला काय माहीत होते. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १८१४च्या इंग्रज-गुरखा संघर्षाचे वर्णन लोकांना वाचायला दिले आणि वेगवेगळ्या गटांना त्याचे वेगवेगळे शेवट सांगितले. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून अधिक संभाव्य वाटला. शेवट माहीत नाही असे समजून उत्तर द्या, असे सांगूनही फारसा फरक पडला नाही. ‘हे तर तेव्हाच दिसत होते’ हे वाक्य आपल्या बैठकीत उच्चारले जाईल तेव्हा तो रकाना दाखवावा.

याचा उपयोग कसा होतो, हे एका कामावरून सांगते. एका बँकेची प्रणाली बदलल्यावर पहिल्याच दिवशी काही ग्रामीण शाखांतील खातेदारांची मराठी नावे पासबुकावर अगम्य चिन्हांत छापली गेली. सर्वांचा रोख डेटा स्थलांतर करणाऱ्या मुलाकडे होता. तक्ता मांडल्यावर दिसले की, एका शाखाधिकाऱ्यांनी हीच तक्रार बरीच आधी ईमेलने कळवली होती, परंतु ती पडद्यावरील फॉन्टची किरकोळ अडचण समजून बंद केली गेली. तसे समजणे त्या दिवशी गैर नव्हते, कारण चाचणीसाठी घेतलेली सगळी खाती मुख्य शाखेतील होती आणि तिथे नावे इंग्रजीत नोंदवलेली होती; ग्रामीण शाखांतील नावे युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी वाचता येणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये साठवली आहेत, हे चाचणी करणाऱ्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते. त्यावरून केलेला बदल छोटा होता: चाचणीचा नमुना प्रत्येक शाखेतून घ्यायचा आणि शाखेतून आलेली तक्रार त्या शाखेच्या होकाराशिवाय बंद करायची नाही. त्या मुलाला ‘यापुढे काळजी घे’ असे बजावून बैठक संपवली असती, तर पुढच्या बँकेतही हेच घडले असते.

बैठकीतून निघणारा बदल असाच, दाखवता आणि तपासता येणारा असावा. चांद्रयान-२चा विक्रम लँडर ७ सप्टेंबर २०१९ रोजी कोसळला. त्यानंतरच्या विश्लेषणात असे आढळले की, इंजिनांचा रेटा अपेक्षेपेक्षा अधिक होता, त्यामुळे चुका साठत गेल्या, यानाच्या वळण्याच्या वेगाला मर्यादा होती, आणि उतरण्यासाठी निवडलेली जागा जेमतेम ५०० मीटर लांब व तितकीच रुंद होती. चांद्रयान-३साठी ती जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, इंधन वाढवले, पाय मजबूत केले, वेग मोजणारे लेझर उपकरण बसवले. आणि काय काय बिघडू शकेल हे धरूनच रचना केल्याचे इस्रोच्या अध्यक्षांनी सांगितले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान उतरले. या यादीतील प्रत्येक गोष्ट नकाशावर किंवा यंत्रावर बोट ठेवून दाखवता येते. आपल्या यादीतील ‘समन्वय सुधारणे’ कशावर बोट ठेवून दाखवणार?

आता माणसांविषयी. ही बैठक अप्रेझलच्या (कर्मचाऱ्यांच्या कामगिरीच्या मूल्यमापनाच्या) काळात घेऊ नये आणि तिच्यातील एकही नोंद अप्रेझलमध्ये वापरली जाणार नाही, हे वरिष्ठांकडून आधी लेखी घ्यावे. ते मिळत नसेल, तर लोक मोकळेपणाने बोलतील ही अपेक्षाही सोडून द्यावी. वरिष्ठांनी सर्वांत शेवटी बोलावे. आपल्या कार्यालयांत ‘सरां’नी एकदा कारण सांगितले की बाकीचे त्यालाच पुरावे जोडत बसतात. ज्या निर्णयावरून मुख्य वाद आहे तो आपणच घेतलेला असेल, तर बैठक दुसऱ्या टीमच्या प्रमुखाकडे सोपवणे बरे. क्लायंटसाठी वेगळी बैठक ठेवावी.

जे नीट पार पडले, त्याचीही तितकीच चौकशी करावी, आणि हा भाग सहसा कोणी करत नाही. अमुक काम वेळेत झाले ते नियोजनामुळे, की कोणी दोन रात्री जागून ते तडीस नेले म्हणून? दुसरे उत्तर आले तर त्या व्यक्तीचे कौतुक जरूर करावे, परंतु ती नोंद उणिवांच्या बाजूला करावी, कारण पुढच्या वेळी तीच व्यक्ती रजेवर असू शकते.

प्रकल्प संपल्यापासून दोन आठवड्यांच्या आत बैठक घ्यावी. त्यानंतर लोक नव्या कामाला लागतात आणि तपशील विसरतात. ठरलेले बदल तीन-चारच ठेवावेत, प्रत्येकापुढे एकाच व्यक्तीचे नाव व तारीख लिहावी, आणि इतिवृत्ताची फाइल सहसा कोणी पुन्हा उघडत नसल्याने ते पुढील प्रकल्पाच्या नियोजन-तक्त्यातच घालावेत. पुढचा प्रकल्प अद्याप ठरलेला नसेल, तर ज्या कोऱ्या नमुन्यावरून आपण प्रत्येक नियोजन सुरू करता, त्या नमुन्यातच त्या ओळी वाढवून ठेवाव्यात.