मिनेसोटाच्या थंडीआधी छोट्या डिझेल ट्रॅक्टरची तयारी कशी करावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मिनेसोटात पाच एकर जागेसकट घर घेतलं, आधीचे मालक २५ हॉर्सपॉवरच्या आसपासचा डिझेल ट्रॅक्टर, लोडर (पुढे लावायचं उचलायचं फावडं) आणि स्नो ब्लोअर (बर्फ उडवून बाजूला टाकणारं यंत्र) तिथेच ठेवून गेले. गावी ट्रॅक्टर चालवलाय, पण बर्फात कधी नाही. ब्लॉक हीटर (इंजिन गरम करणारा विजेचा हीटर) लागतोच का, डिझेलमध्ये रॉकेल मिसळावं का, आणि आणखी काय बघावं?

मी याच राज्यात बरीच वर्षं असा छोटा ट्रॅक्टर बाळगून आहे. माझं ठाम मत सांगतो. थंडीत ट्रॅक्टर अडतो तेव्हा इंजिन बहुतेक वेळा धडधाकट असतं, अडवतं ते डिझेल आणि कुठेतरी राहिलेलं पाणी. या दोन्हींचा बंदोबस्त थंडी पडायच्या आधी करावा लागतो, नंतरचे उपाय महागही पडतात आणि अर्धवटही. म्हणून ऑक्टोबरचा एखादा उबदार शनिवार यासाठी राखून ठेवा. थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर अखेरपर्यंत, थांबू नका. १९९१ साली इथे हॅलोविनलाच, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, वादळ आलं आणि मिनिॲपोलिस-सेंट पॉल भागात २८.४ इंच बर्फ पडला.

आधी डिझेल, कारण निम्मं काम तिथेच आहे. डिझेलमध्ये मुळातच थोडं मेण असतं. खोबरेल तेलाची बाटली डिसेंबरात जशी आधी गढूळ होते आणि मग गोठते, तसंच डिझेलचं होतं. इथलं साधं नंबर २ डिझेल साधारण उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे १४ फॅरनहाइटला, गढुळायला लागतं. ते टाकीत अजून पातळच दिसत असतं, पण मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि वाट बंद करतात. लक्षण ठरलेलं आहे: ट्रॅक्टर नीट सुरू होतो, पाच-दहा मिनिटं चालतो, मग दम टाकतो आणि ड्राइव्हवेच्या मधोमध बंद पडतो. आपल्याकडे हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिकडे तेवढी थंडीच नसते. भारतीय मानकात हिवाळी डिझेल ६ अंश सेल्सिअसपर्यंत फिल्टरमधून गेलं तरी पुरतं. लडाखची गोष्ट वेगळी. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल काढलं. त्याच वर्षी ३० जानेवारीला मिनिॲपोलिसचं किमान तापमानही उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस होतं. तुम्ही राहायला आलात ती जागा कुठल्या तोडीची आहे, ते यावरून लक्षात येईल.

आता तुमच्या टाकीत काय आहे ते बघा. आधीच्या मालकांनी ऑगस्टमध्ये भरलेलं डिझेल अजून त्यात असेल, तर ते उन्हाळी डिझेल आहे. मिनेसोटात कायद्यानेच उन्हाळ्याच्या महिन्यांत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल असतं आणि ऑक्टोबरपासून ते ५ टक्क्यांवर येतं. बायोडिझेल साध्या डिझेलच्या आधी गोठतं. त्यामुळे उन्हाळी डिझेल गवत कापण्यात संपवून टाका आणि टाकी हिवाळी डिझेलने भरा. गॅरेजमधल्या कॅनचंही तेच. इथे डिझेलचा कॅन पिवळा असतो, लाल कॅन पेट्रोलचा, यात गल्लत होऊ देऊ नका. कॅनवर मार्करने महिना लिहून ठेवा. आणखी एक खबरदारी: लहान गावातल्या पंपावर लाल रंगाचं, रस्त्याचा कर नसलेलं ऑफ-रोड डिझेल सावकाश खपतं. नोव्हेंबरातही टाकीच्या तळाशी जुना माल असू शकतो. पंपावर सरळ विचारा, हिवाळी माल कधी आला. लोक न चिडता सांगतात. ते लाल डिझेल ट्रॅक्टरमध्ये चालतं, रस्त्यावरच्या गाडीत मात्र अजिबात घालायचं नाही.

शिवाय अँटी-जेल, म्हणजे डिझेल गोठू न देणारं औषध, घालायचं. पॉवर सर्व्हिस कंपनीची पांढरी बाटली कुठल्याही फार्म स्टोअरमध्ये मिळते, प्रमाण बाटलीवरच दिलेलं असतं. लोक नेमके चुकतात ते वेळेत. हे औषध मेण नाहीसं करत नाही, मेणाचे कण मोठे होऊ देत नाही. म्हणून डिझेल पातळ आणि कोमट असतानाच ते घालावं लागतं, नंतर काही उपयोग नाही. आधी तेवढं औषध टाकीत ओता, वरून डिझेल भरा, म्हणजे आपोआप ढवळलं जातं, आणि मग इंजिन थोडा वेळ चालवा, म्हणजे औषधवालं डिझेल फिल्टर आणि पाइपांपर्यंत पोचतं.

रॉकेलबद्दल तुम्ही विचारलंत. पूर्वी इथलेही शेतकरी मिसळायचे आणि त्याने मेण धरणं लांबतं हे खरं आहे. पण रॉकेल कोरडं असतं, आणि आताच्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये वंगण आधीच कमी. त्यात इंजेक्शन पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. तुम्हाला मिश्रणच हवं असेल तर पंपावरचं नंबर १ डिझेल घ्या. ते उणे ३० च्या खालीही वाहतं आणि त्याच्या गुणवत्तेला मानक आहे. ताकद थोडी कमी देतं, महागही असतं. मी जानेवारीतल्या कडाक्यासाठी तेच मिसळतो, बाकी हिवाळा पांढऱ्या बाटलीवर निघतो.

डिझेल फिल्टर ऑक्टोबरात बदलाच, जुना कितीही स्वच्छ दिसला तरी. नवा आणखी एक घरात ठेवा. फिल्टर रात्री दहाला लागतो, तेव्हा दुकान बंद असतं. फिल्टरजवळ पाणी वेगळं करणारी काचेची वाटी असेल तर तीही उघडून साफ करा. त्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याचा बर्फ होऊन डिझेलची वाट अडते. फिल्टर बदलल्यावर एअर काढणं तुम्हाला माहीत असेलच. बऱ्याच नव्या छोट्या ट्रॅक्टरांत किल्ली ऑन ठेवली की इलेक्ट्रिक पंप ते काम करतो. आणि रोज काम संपल्यावर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड होऊन पाणी सोडते.

आता पाणी. गावाकडची एक सवय इथे घात करते. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की आपण सरळ नळाचं पाणी ओततो. आधीच्या मालकांनी किंवा तुम्हीच जुलैत तसं केलं असेल तर कूलंट (रेडिएटरमधला न गोठणारा द्रव) पातळ झालंय, आणि पातळ कूलंट गोठलं तर इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य धातूच्या सांगाड्याला, तडा जातो. तो ट्रॅक्टर मग दुरुस्तीच्या पलीकडे गेला असंच समजा. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असेल तर साधारण उणे ३७ सेल्सिअसपर्यंत संरक्षण मिळतं. रंगावरून काही कळत नाही. रिफ्रॅक्टोमीटर थोड्या डॉलर्सना मिळतो, त्यावर एक थेंब ठेवला की किती अंशांपर्यंत टिकेल ते दिसतं. निव्वळ कूलंट घातलं तर आणखी चांगलं, असं काहींना वाटतं. ते उलट आहे: निव्वळ ग्लायकॉल उणे १२-१३ अंशांनाच गोठतं.

दुसरी सवय टायरमधल्या पाण्याची. नांगरटीला वजन मिळावं म्हणून आपल्याकडे मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. इथेही टायरात द्रव भरतात, पण तो न गोठणारा: बिटाच्या रसापासून केलेला, कॅल्शियम क्लोराइडचा, नाहीतर काच धुण्याचं निळं पाणी. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवा आणि पिन दाबून बघा. द्रव बाहेर आला तर काय आहे ते तपासा. नुसतं पाणी निघालं तर टायरवाल्याला बोलावून ते बदलून घ्या. आत बर्फाचा दगड घेऊन ट्रॅक्टर चालवला तर टायरच्या कडा आणि रिम दोन्ही जातात. हवेचा दाबही थंडीत उतरतो, दर १० फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय.

हायड्रॉलिकचं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, ते बदला. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरात हेच तेल गाडी पुढे-मागे नेतं. पाण्याचे स्फटिक पंपाच्या जाळीत अडकले तर पंप उपाशी राहतो, आणि तो पंप स्वस्त नाही. इंजिन ऑइलमध्ये १५डब्ल्यू-४० असेल तर मॅन्युअलमधला तापमानाचा तक्ता बघा. माझ्या इथे हिवाळ्यात थंडीत जास्त पातळ राहणारं ५डब्ल्यू-४० सिंथेटिक चालतं, सेल मारताना इंजिन किती सैल फिरतं ते ऐकूनच कळतं.

बॅटरीबाबत दुकानदार फार बोलतात, मुद्दा एवढाच आहे: शून्य फॅरनहाइटला बॅटरीची ताकद सुमारे निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी थंड इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. पुरती उतरलेली बॅटरी उणे ७-१० सेल्सिअसच्या आसपास गोठून फुटूही शकते, भरलेली गोठत नाही. म्हणून टर्मिनल घासून घ्या, बॅटरीची तपासणी करून घ्या आणि ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहणार असेल तर छोटा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावून ठेवा.

ब्लॉक हीटर लागतो का? गॅरेज गरम ठेवत असाल तर नाही. नसेल तर, इथे लागतोच. तो ब्लॉकमध्ये बसतो आणि कूलंट गरम करतो. छोट्या इंजिनाला ४०० वॉटच्या आसपासचा पुरतो. पार्किंगमध्ये गाड्यांच्या जाळीतून प्लगच्या वायरी लोंबताना दिसतील, त्या याच. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, काम सुरू करायच्या आधी दोन-तीन तास पुरतात, टायमर लावा. एक्स्टेन्शन वायर बाहेर वापरायची आणि जाड, १४ किंवा १२ गेजची घ्या. बारीक वायर तापते. ट्रॅक्टर हलवण्यापूर्वी प्लग काढायची सवय लावून घ्या. लक्षात ठेवा, हीटरने इंजिन गरम होतं, डिझेल होत नाही. त्यामुळे हीटर लावला म्हणून अँटी-जेल टाळता येणार नाही.

थंड सकाळी सुरू करताना क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलाचा भार स्टार्टरवर येत नाही. ग्लो प्लगचा (सुरू करण्याआधी इंजिनात उष्णता देणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्या, हवा तर दुसऱ्यांदा तापवा. सेल दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्या. सुरू झाल्यावर मध्यम रेसवर तापू द्या, मग लोडर सावकाश वरखाली करा. किती मिनिटं तापवायचं ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. इंजिन २५ हॉर्सपॉवरच्या वर असेल तर बहुधा त्याला धुराचा डीपीएफ फिल्टर आहे, आणि तो तासन्तास आयडलवर ठेवल्याने चोंदतो. तापलं की कामाला लावा. आणि हे सगळं गॅरेजचं दार पूर्ण उघडून, शक्यतो ट्रॅक्टर बाहेर काढून करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो, कारण लोक चांगल्या मनाने त्या शिकवतील. एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग फ्लुइड (इंजिन पटकन पेटावं म्हणून मारायचा ज्वालाग्राही फवारा) फवारू नका. ग्लो प्लग तापलेले असताना ते भलत्या वेळी पेटतं, पिस्टन फुटतो, माणूस भाजतो. आणि गोठलेल्या टाकीखाली जाळ करू नका. उत्तर भारतात ट्रकवाले करतात, तुम्ही पाहिलंही असेल. इथे तुमच्या बाजूला लाकडी गॅरेज आणि घर आहे. डिझेल गोठलंच तर ट्रॅक्टर उबदार जागी ढकला, नवा फिल्टर लावा, त्याच कंपनीच्या लाल बाटलीचं आपत्कालीन औषध टाकीत आणि नव्या फिल्टरमध्येही घाला, आणि थांबा. उब मिळाली की मेण विरघळतं.

स्नो ब्लोअरचे शिअर बोल्ट चार-पाच जास्तीचे आणून सीटखालच्या डब्यात ठेवा, हे बोल्ट तुटण्यासाठीच असतात. त्यांच्या जागी हाताशी आलेला कडक बोल्ट लावलात तर बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटेल. बर्फ काढताना रेडिएटरपुढची जाळी अधूनमधून झटका, तिथे बर्फ साचला की कडाक्याच्या थंडीतही इंजिन तापतं. मागे वजन लावल्याशिवाय लोडरने बर्फ उचलू नका, आणि रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी कमान) उभा असताना सीटबेल्ट बांधलेला हवा. ओल्या बर्फाने ब्लोअरचं तोंड बुजतंच. ते मोकळं करताना पीटीओ (ब्लोअरला इंजिनाची ताकद देणारा शाफ्ट) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, पाती थांबल्याची खात्री, आणि तरीही हात आत घालायचा नाही. पाती अडकलेली असताना त्यांच्यात ताण साठलेला असतो, बर्फ सुटला की ती इंजिन बंद असतानाही एक झटका मारतात. दांडक्यानेच काढा, आणि ते दांडकं आजच ब्लोअरला बांधून ठेवा.