मिश्रधातूतील कणांच्या आकाराचा त्याच्या तुटण्यावर काय परिणाम होतो?

सामान्य तापमानाला कण (म्हणजे धातू ज्यांचा बनलेला असतो ते एकमेकांना चिकटलेले छोटे स्फटिक) जितके बारीक, तितका मिश्रधातू बळकट आणि तडा जाण्यास कठीण, असे ढोबळमानाने म्हणता येते. शेजारच्या दोन कणांतील अणूंच्या रांगांची दिशा वेगळी असल्यामुळे सरळ धावत आलेल्या तड्याला प्रत्येक कणसीमेवर वळावे लागते आणि त्यात ऊर्जा खर्च होते. शिवाय ताणाखाली सरकणारी डिसलोकेशन्स (अणूंच्या रांगांतील दोष) सीमेपाशी अडून त्यांची रांग लागते. कण मोठा असला की ही रांग लांबते, तिच्या टोकाशी ताण साचतो आणि बहुधा तिथूनच तडा सुरू होतो. भरड कणांचे पोलाद कडाक्याच्या थंडीत तुटले, तर भंगलेल्या पृष्ठभागावर चकाकणारे सपाट पैलू नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) या संशोधकांच्या सूत्रानुसार कणाचा व्यास एक चतुर्थांश केल्यास सीमांमुळे मिळणारे बळ दुप्पट होते. एरवी बळ वाढवले की चिवटपणा घटतो. कण बारीक केल्याने मात्र पोलादात दोन्ही सुधारतात, आणि माझ्या मते हेच या उपायाचे खरे वैशिष्ट्य आहे.

अतिउच्च तापमानाला हिशेब उलटतो. तिथे कणसीमाच सरकतात व उकलतात, म्हणून जेट इंजिनातील टर्बाइनची काही पाती अखंड एकाच स्फटिकाची ओतली जातात.